यंत्रणा बंद पडली तरी गाव चालू राहावे म्हणून: ग्रामपंचायत आणि ग्रामस्थांनी करायची तयारी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले. वादळ काही तासांत पुढे सरकले, पण कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. वीज नाही म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून नळ कोरडे, टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या म्हणून मोबाइल मुका, आणि मोबाइल मुका म्हणून मुंबईत असलेल्या मुलाला गावी आईवडील सुखरूप आहेत की नाहीत एवढेही कळेना. नारळी-पोफळीच्या बागा वादळाने पाडल्या हे सगळ्यांनी पाहिले. एका तारेवर टांगलेले आपले रोजचे जीवन कसे एकामागोमाग एक कोसळत गेले, हे मात्र त्या गावांतल्या लोकांनीच अनुभवले.

असे होण्यासाठी वादळच यावे लागते असेही नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगरात वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे, म्हणजे प्रामुख्याने सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, ऑनलाइन व्यवहार थांबवावे लागले. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय काही तास अडखळले. या तिन्ही वेळी आकाश स्वच्छ असले काय आणि नसले काय, काही फरक पडणार नव्हता.

हा लेख ग्रामपंचायतीचे पदाधिकारी, कर्मचारी आणि ग्रामस्थ यांच्यासाठी आहे. कोकण किनाऱ्यावरचे साधारण दोन हजार वस्तीचे गाव डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. नगरपंचायतीला किंवा गृहनिर्माण संस्थेला आकडे बदलून तोच क्रम वापरता येईल. माझे सांगणे मुळात एकच आहे. जनरेटर, बॅटऱ्या, सौरदिवे यांची खरेदी ही तयारीतली सोपी बाजू आहे. प्रत्येक सेवेचे काम हाताने कोण करणार आणि ते करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला आहे, हे आधी ठरवून त्याचा सराव करून घेणे ही अवघड बाजू आहे, आणि ती टाळली तर विकत आणलेला जनरेटर ऐन वेळी कुलपात पडून राहतो, कारण किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला माहीत नसते.

पहिली पायरी: कशावर काय अवलंबून आहे ते फिरून लिहा

ही यादी कार्यालयात बसून होत नाही. पाणीपुरवठा कर्मचारी, वायरमन, आशा सेविका, रास्तभाव दुकानदार आणि गावातला एखादा जुनाजाणता माणूस यांना बरोबर घेऊन एक सकाळ गावभर फिरावे. प्रत्येक ठिकाणी उभे राहून चार प्रश्न विचारावेत: हे कशावर चालते, ते बंद पडले तर किती वेळ तग धरेल, त्यानंतर हेच काम हाताने कसे होईल, आणि ते करणारा माणूस कोण व तो गावात नसेल तर दुसरा कोण.

उत्तरे ऐकताना लपलेले अवलंबन सापडते. उदाहरणार्थ, अनेक गावांत विहिरीवरचा पंप आता मोबाइल स्टार्टरने चालू होतो. पाणी सोडणारा माणूस घरून फोन लावतो आणि दोन किलोमीटरवरचा पंप सुरू होतो. वीज असेल पण नेटवर्क नसेल, तर हा पंप सुरू करण्यासाठी विहिरीपर्यंत चालत जाऊन पेटीतले बटण दाबावे लागते. पण त्या पेटीला कुलूप असते, पावसात पायवाट बुजलेली असते आणि नव्या कर्मचाऱ्याने ते बटण एकदाही दाबलेले नसते. तसेच डिझेलचे. जनरेटरला डिझेल हवे म्हणून पेट्रोल पंपावर जावे, तर तिथली यंत्रेही विजेवरच चालतात, आणि पैसे मात्र फोनवरून देण्याची सवय झालेली असते.

तग धरण्याचा काळ तीन टप्प्यांत मोजावा: चार तास, तीन दिवस आणि तीन आठवडे. चार तास बहुतेक सर्व गोष्टी कशाबशा निभावतात. तीन दिवसांत पाणी, औषधे आणि निरोप यांचा प्रश्न उभा राहतो. तीन आठवड्यांत पैसे, धान्य, शाळा आणि रोजगार यांचा. शिवाय आकडे काढताना जनगणनेतील लोकसंख्येवर थांबू नये. गणपतीत चाकरमानी आले की गावची वस्ती कुठल्या कुठे जाते, पाण्यावर आणि टॉवरवर ताण तेव्हाच सर्वाधिक असतो आणि पावसाळाही संपलेला नसतो. म्हणून हिशेब गणपतीतल्या वस्तीचा करावा.

दुसरी पायरी: ग्रामसभेचा ठराव

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ नुसार स्थानिक प्राधिकरणांनी आपला आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार करणे, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे आणि साधनसामग्री वापरायला सज्ज ठेवणे अपेक्षित आहे. त्यात मानवनिर्मित कारणांनी आलेली आपत्तीही येते. त्यामुळे तंत्रज्ञान बंद पडण्याची तयारी हा नवा विषय नसून आहे त्याच आराखड्यात घालायचे एक प्रकरण आहे, असे समजून चालावे. वेगळी समिती नेमून तिच्या वेगळ्या बैठका घेण्यापेक्षा असलेल्या ग्राम आपत्ती व्यवस्थापन समितीकडेच हे काम सोपवलेले बरे.

कोकणात यासाठी १ मे रोजीची ग्रामसभा सर्वांत सोयीची. मुंबईकर मंडळी गावी असतात आणि पावसाला अजून महिनाभर अवकाश असतो. ठरावात मोघम भाषा नको. ‘आपत्तीच्या काळात आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी’ हे वाक्य कोणालाच काही करायला सांगत नाही. त्याऐवजी, सलग अमुक तास वीज अथवा मोबाइल संपर्क नसल्यास सरपंच, सरपंच गावात नसल्यास उपसरपंच, तेही नसल्यास पोलीस पाटील आराखडा लागू झाल्याचे जाहीर करतील, त्या काळात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या पूर्वसंमतीविना डिझेल, ब्लीचिंग पावडर व वाहनभाडे यांवर अमुक रकमेपर्यंत रोखीने खर्च करता येईल, त्याची पावती व नोंद अमुक दिवसांत सादर होईल, असे लिहावे. किती तास आणि किती रक्कम हे ग्रामसभेने चर्चा करून ठरवावे, आणि रोख खर्चाबाबतचे मसुद्यातील शब्द पंचायत समितीतील विस्तार अधिकाऱ्यांना आधी दाखवून घ्यावेत. नंतर लेखापरीक्षणात आक्षेप आला तर पुढच्या वेळी कोणी पुढे येत नाही, आणि मागे राहणाऱ्याचे चुकले असे म्हणताही येत नाही.

जनरेटर, टाक्या, हातपंपाची दुरुस्ती यांचा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात घातला तर वित्त आयोगाच्या निधीतील पाणीपुरवठ्यासाठी राखून ठेवलेला भाग त्यासाठी वापरता येतो का, हे त्याच वेळी तपासावे.

तिसरी पायरी: पाणी

या लेखातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण हेच. दिवे नसले तर माणूस अंधारात झोपतो. पाणी नसेल तर दुसऱ्या दिवशी मिळेल ते पाणी पितो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गावात जुलाबाची साथ येते.

जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटरचे आहे, म्हणजे दोन हजार वस्तीला १ लाख १० हजार लिटर. संकटकाळात पिणे, स्वयंपाक आणि जुजबी स्वच्छता यांसाठी माणशी १५ लिटर हे किमान प्रमाण मानले जाते, म्हणजे त्याच गावाला ३० हजार लिटर. आराखडा या दुसऱ्या आकड्यावर बेतावा, कारण तो गाठता येतो. जनावरांचे पाणी वेगळे धरावे.

पहिला मार्ग विजेविना वाहणाऱ्या पाण्याचा. डोंगरातल्या झऱ्यावरून उताराने येणारी जुनी नळयोजना गावात असेल, तर नवी योजना झाली म्हणून ती मोडीत काढू नये. पाइप कुठे फुटला आहे, झऱ्याच्या तोंडाशी किती गाळ साचला आहे, हे पाहून वर्षातून एकदा ती वाहती करून ठेवावी. दुसरा मार्ग विहिरींचा. सार्वजनिक विहिरींवरचे रहाट, दोर आणि पोहरे आता अनेक ठिकाणी शोधूनही सापडत नाहीत. दर वाडीला किमान एक रहाट चालू स्थितीत हवा, आणि विहीर उपसून तिचे पाणी तपासलेले हवे. खासगी विहिरींच्या मालकांशी आधीच बोलून ठेवावे; संकटात कोणी पाणी नाकारत नाही हे खरे, पण कोणाच्या अंगणात कोणत्या वेळी जायचे हे ठरलेले असले की मनेही दुखावत नाहीत. तिसरा मार्ग हातपंप आणि सौर दुहेरी पंपाचा. हातपंपाचे वॉशर झिजलेले असते हे पंप मारायला गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून दर महिन्याला प्रत्येक हातपंप मारून पाहण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे द्यावे.

जनरेटर सर्वांत शेवटी. पाच एचपीचा पंप सुमारे ३.७ किलोवॉटचा असतो, म्हणून पाच केव्हीएचा जनरेटर पुरेल असे वाटते आणि इथेच चूक होते. थेट सुरू होणारा पंप सुरुवातीच्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढतो. त्यामुळे अशा पंपाला साधारण १५ केव्हीएच्या आसपासचा जनरेटर लागतो. स्टार्टरचा प्रकार बदलला तर कमीत भागते. खरेदीपूर्वी पंपाची पाटी, केबलची लांबी आणि स्टार्टर इलेक्ट्रिशियनला दाखवावेत. पंप एका तासात किती पाणी चढवतो हे टाकीत खुणांची काठी घालून प्रत्यक्ष मोजावे. समजा तासाला १० हजार लिटर पाणी चढत असेल, तर ३० हजार लिटरसाठी जनरेटर रोज तीन तास चालवावा लागेल आणि तीन तासांचेच डिझेल धरावे लागेल. हा हिशेब केलेला असला की एका टँकरसाठी तहसीलपर्यंत धावाधाव करावी लागेल की नाही, हे पहिल्याच दिवशी सांगता येते.

जनरेटर जोडण्यासाठी चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी बाहेरची वीज किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडू देणारा स्विच, बसवलेलाच हवा. तो नसताना कोणी घाईत जनरेटरची तार थेट फलकात खोचली, तर वीज उलट्या दिशेने बाहेरच्या तारांवर जाते, आणि खांबावर चढलेला महावितरणचा जनमित्र तारा मेलेल्या आहेत असे समजून हात लावतो. हे टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे, म्हणून या एका गोष्टीत तडजोड करू नये. जनरेटर बंद खोलीत चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच माणसाला मारतो.

उरले शुद्धीकरण. नळयोजनेच्या टाकीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपल्याकडे सर्रास म्हणतात ती टीसीएल पावडर, टाकण्याची सवय जलसुरक्षकाला असते. पण वीज नसताना लोक दहा वेगवेगळ्या विहिरींवर जातात आणि तिथे पावडर कोणीच टाकत नाही. ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचे प्रमाण एक हजार लिटरला पाच ग्रॅम असे धरतात. पावडर आधी बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे पाणी विहिरीत ओतावे आणि अर्ध्या तासानंतर ओटी चाचणीने, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणाऱ्या चाचणीने, पिवळा रंग येतो का ते पाहावे. पिशवी उघडी राहिली की पावडरीचा जोर जातो, म्हणून साठा घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत आणि तारीख लिहून ठेवावा. प्रत्येक विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली यांवरून किती पावडर लागेल याचे तक्ते आताच करून ठेवले, तर ऐन वेळी आकडेमोड करावी लागत नाही.

चौथी पायरी: ज्यांचा जीव यंत्रावर आहे

आशा सेविका आणि आरोग्यसेविका यांनी मिळून एक छोटी यादी करावी. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेले, डायलिसिसला जाणारे, इन्सुलिन घेणारे, अंथरुणाला खिळलेले, आणि पुढील सहा आठवड्यांत बाळंत होणाऱ्या स्त्रिया. दोन हजार वस्तीत ही यादी बहुधा एका पानात मावते. ती फलकावर लावायची नाही किंवा व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही; कोणाला कोणता आजार आहे ही त्याची खासगी बाब आहे. एक प्रत आशांकडे, एक उपकेंद्रात, बंद पाकिटात.

मग प्रत्येक नावापुढे काय करायचे ते लिहावे. पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला साधारण साडेतीनशे वॉट लागतात. घरातली १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी चांगली असली तरी त्यावर तो साडेतीन तासांच्या आसपास चालेल, जुनी असेल तर त्याहून कमी. म्हणजे रात्री दहाला वीज गेली तर दीडच्या सुमारास कोणीतरी जागे असलेच पाहिजे. अशा घरी एक भरलेला बी-टाइप ऑक्सिजन सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि पाना ठेवावा. सुमारे दीड हजार लिटरचा हा सिलिंडर मिनिटाला दोन लिटर दराने बारा तास पुरतो. रेग्युलेटर कसा बसवायचा हे घरातल्या दोघांना स्वतःच्या हाताने करून पाहायला लावावे, नुसते दाखवून पुरत नाही.

डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा शहर गाठावे लागते, म्हणून रस्ता आणि वाहन दोन्ही बंद होण्याचा अंदाज असेल तर त्याला आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे शहरात हलवणे हाच खात्रीचा उपाय. इन्सुलिनची वापरातली बाटली साधारणपणे ३० अंशांखाली चार आठवडे टिकते, पण कोकणातली मे महिन्यातली दुपार त्याहून तापते. ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात कोरड्या डबीत ती ठेवावी आणि नेमकी मुदत औषधाच्या पत्रकावर पाहावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसींच्या आयएलआर पेट्या (बर्फाचे अस्तर असलेले शीतकपाट) वीज गेल्यावरही बराच काळ गार राहतात, मात्र झाकण सारखे उघडले तर नाही.

पाचवी पायरी: फोन मुका झाल्यावर निरोप कसा जाईल

गावात टॉवर कोणत्या कंपन्यांचे आहेत, त्यांची बॅटरी किती तास टिकते आणि जनरेटरला डिझेल कोण घालतो, हे कंपनीला ग्रामपंचायतीच्या पत्राने विचारावे. मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग एका कंपनीच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क वापरू देतो. अशा वेळी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडावे लागते, आणि ही साधी गोष्ट दहापैकी नऊ जणांना ठाऊक नसते. शाळेतल्या मुलांना ती शिकवली तर घरोघर पोहोचते.

कोणतेच नेटवर्क नसेल तर माणूसच निरोप नेईल. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा या दोनच वेळा ठराव्यात. त्या वेळी प्रत्येक वाडीचा एक निरोप्या ग्रामपंचायतीसमोर येईल, वाडीची खबर लेखी देईल आणि गावाची लेखी खबर घेऊन परत जाईल. निरोपावर तारीख, वेळ आणि देणाऱ्याची सही असेल. निरोप्याने तो मोठ्याने वाचून दाखवायचा, म्हणजे लिहिताना झालेली चूक तिथेच पकडली जाते. वाडीत गेल्यावर तोच कागद एका ठरलेल्या फलकावर लागेल. सहीचा कागद नसलेली खबर म्हणजे अफवा, हे लोकांच्या अंगवळणी पडले पाहिजे. धरण फुटले, पूल गेला, अशा बातम्यांनी रात्री माणसे घराबाहेर धावतात आणि त्यातच पडतात-झडतात.

दवंडी अजून विसरायची नाही. मंदिराचा किंवा मशिदीचा भोंगा बॅटरीवर चालत असेल तर त्याचा उपयोग कोणत्या खुणेसाठी करायचा हे दोन्हीकडच्या मंडळींना विचारून ठरवावे, आणि शाळेची घंटा फक्त ‘सर्वांनी एकत्र या’ एवढ्यासाठीच राखून ठेवावी. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे वॉकीटॉकी संच परवान्याशिवाय वापरता येतात. इतर संचांना परवाना लागतो, म्हणून बाजारात मिळेल तो स्वस्त संच उचलू नये. हे संच सपाटीवर एक-दोन किलोमीटर चालतात, मध्ये डोंगर आला की थांबतात. कोणत्या दोन जागांवरून ते एकमेकांना ऐकू येतात हे आधी फिरून पाहावे आणि त्या जागा दगडावर रंगाने खुणावून ठेवाव्यात. प्रत्येक वाडीत सेलवर चालणारा एक रेडिओ आणि आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळा लिहिलेला एक कागद हवा.

गावाबाहेरचा निरोप तालुक्याला, पोलिसांच्या दूरक्षेत्राला आणि आरोग्य केंद्राला कोण नेईल, कोणत्या रस्त्याने, तो रस्ता बंद असेल तर कोणत्या पायवाटेने, हे दोन-दोन नावांसह लिहावे. ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक फलकावर रंगवून ठेवावेत, कारण नेटवर्क अर्धवट परतते तेव्हा इंटरनेटआधी साधा फोन लागू शकतो.

एक गट नेहमी राहून जातो. आंब्याच्या बागांत राखणीला राहणारे नेपाळी कुटुंब, बंदरावरचे परप्रांतीय खलाशी, वीटभट्टीवरचे मजूर यांची नावे गावच्या कोणत्याच यादीत नसतात. त्यांना मराठी निरोप कळतोच असे नाही. बागमालकाने आणि नौकामालकाने आपल्याकडच्या माणसांची संख्या समितीला द्यावी आणि निरोपाची जबाबदारी स्वतः घ्यावी, असे ठरावातच लिहावे. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या घरी कोण जाईल हेही नावानिशी हवे.

सहावी पायरी: धान्य आणि पैसे

रास्तभाव दुकानातले ई-पॉस यंत्र सर्व्हरशी जोडले गेले नाही की काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हातारी बाई अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवते, दुकानदार यंत्र खिडकीबाहेर धरून रेंज शोधतो, आणि मागची रांग उन्हात उभी राहते. चूक अंगठ्याची नाही, हे तिला कोणी सांगत नाही. आपलाच अंगठा झिजला असे समजून ती घरी जाते.

यंत्राविना वाटप करण्याची परवानगी शासनाकडून यावी लागते. दुकानदाराला ती स्वतः घेता येत नाही. म्हणून तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेला आताच पत्र देऊन, अशा वेळी वाटप कोणाच्या आदेशाने, कोणत्या नोंदवहीत आणि कोणाच्या साक्षीने करायचे, याचे लेखी उत्तर घ्यावे. अंत्योदय कार्डाला महिना ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, हा हक्क यंत्र बंद पडल्याने संपत नाही. दुकानात कार्डधारकांची छापील यादी दर तिमाहीला नवी करून ठेवावी, आणि आदेश आलाच तर दक्षता समितीच्या दोन सदस्यांसमोर सही किंवा अंगठा कागदावर घेऊन वाटप करावे.

पैशांचे सूत्र सोपे आहे: प्रत्येक घरात आठवड्याच्या खर्चाएवढी रोकड, आणि तीही १०, २०, ५० व १०० च्या नोटांत. पाचशेची नोट सुटी होत नाही तेव्हा ती असून नसल्यासारखी. किराणा दुकानदारांना बैठकीला बोलावून उधारीची वही पुन्हा सुरू ठेवण्याची विनंती करावी. किती रकमेपर्यंत उधार द्यायचे ते त्यांनीच ठरवावे, आणि गिऱ्हाइकाने प्रत्येक नोंदीपुढे सही करावी. बचत गटांनी आपल्या रोख शिल्लकेचा छोटा भाग आजारपणाच्या खर्चासाठी राखून ठेवला, तर रात्रीबेरात्री गाडीभाड्यासाठी कोणाला दारोदार फिरावे लागणार नाही.

सातवी पायरी: दप्तर

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीतील एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथले काम जवळजवळ दोन आठवडे कागदावर चालवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा प्रणालीच्या सदोष सुधारणेमुळे जगभरातील लाखो संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. एवढ्या मोठ्या संस्थांना कागदाकडे वळावे लागले, तर ग्रामपंचायतीने कोरे छापील अर्ज आधीच एका पेटीत ठेवायला काय हरकत आहे? जन्म-मृत्यू नोंदीचे अर्ज, पाणीवाटपाची नोंदवही, खर्चाची पावतीपुस्तके, पेन आणि कार्बन कागद.

संगणकातील माहितीच्या दोन प्रती हव्यात. एक कार्यालयात, पण संगणकाला जोडून न ठेवलेली. दुसरी शेजारच्या गावात किंवा पंचायत समितीत. जोडून ठेवलेली प्रत हल्ल्यात मूळ माहितीबरोबरच जाते. नमुना ८ ची आकारणी नोंद, नळजोडणीधारकांची यादी आणि गावातील जलवाहिनीचा व व्हॉल्व्हचा नकाशा हे दरवर्षी छापून ठेवावे. व्हॉल्व्हचा नकाशा बहुतेक गावांत फक्त पाणी सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतो. त्याच्याबरोबर एक दिवस चालून तो कागदावर उतरवणे, हे या सगळ्या तयारीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे असे मला वाटते.

घराघरांत काय असावे हे वेगळे लांबवत नाही. झाकणाचे पाण्याचे भांडे, विजेरी आणि सेल, दोन आठवड्यांची नेहमीची औषधे, महत्त्वाचे फोन क्रमांक कागदावर, आणि चूल किंवा स्टोव्ह पेटवता येणारा माणूस. शहरातल्या सोसायटीने यात लिफ्टमध्ये अडकलेल्यांना बाहेर काढण्याची किल्ली आणि ती वापरायला शिकलेले दोघे जण, आणि वरच्या मजल्यांवरच्या वृद्धांना पाणी नेऊन देणाऱ्यांची पाळी, एवढी भर घालावी.

आठवी पायरी: एक दिवस सगळे खरोखर बंद

मेच्या अखेरीस एक रविवार निवडावा आणि पंधरा दिवस आधी दवंडी द्यावी. त्या दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा नळयोजनेचा मुख्य स्विच उतरवायचा, समितीच्या सर्वांचे फोन बंद करून एका पेटीत ठेवायचे (आजारी माणसांची घरे आणि आरोग्य उपकेंद्र यांतून वगळायचे), आणि आराखड्याप्रमाणे गाव चालवायचे. पाणी जनरेटरवर किंवा विहिरीवरून, निरोप चालत, दुकानदारांची वही उघडी. शाळेतल्या मोठ्या मुलांना निरीक्षक नेमावे. प्रत्येक वाडीला निरोप किती वाजता पोहोचला हे ती वेळेनिशी लिहितील.

दिवसभरात गडबड होणारच, आणि ती व्हावी म्हणूनच हा दिवस आहे. रहाटाचा दोर आखूड निघेल. जनरेटरची बॅटरी उतरलेली असेल. वरच्या वाडीचा निरोप्या लग्नाला गेलेला असेल आणि त्याच्या जागी दुसरे नाव लिहिलेले नसेल. संध्याकाळी सर्वांनी ग्रामपंचायतीसमोर बसून कोणावर दोष न ठेवता प्रत्येक अडचण नोंदवावी आणि तिच्यापुढे दुरुस्तीची तारीख व एका माणसाचे नाव घालावे. जनरेटर त्यानंतर दर महिन्याला पंप जोडून अर्धा तास चालवावा आणि डिझेलचा साठा सहा महिन्यांनी वापरून नवा भरावा.

नववी पायरी: वीज परतल्यावर

वीज आली की लगेच सगळे चालू करू नये. पहिली काही मिनिटे दाब कमी-जास्त होतो आणि एकाच वेळी सुरू झालेल्या पंपांनी ट्रान्सफॉर्मर पुन्हा बसतो. पंधरा मिनिटे थांबून आधी आरोग्य उपकेंद्र, मग नळयोजनेचा पंप, मग पिठाची गिरणी आणि शेवटी शेतीपंप असा क्रम ठेवावा. रिकाम्या पडलेल्या जलवाहिनीत बाहेरचे घाण पाणी शिरलेले असते, म्हणून पहिले पाणी दहा-पंधरा मिनिटे वाहू देऊन सांडावे, टाकीत पावडर टाकून ओटी चाचणी घ्यावी आणि चाचणी पिवळी आल्याशिवाय ‘नळाचे पाणी प्या’ असा निरोप देऊ नये. कागदावरच्या नोंदी संगणकात चढवताना दोघांनी बसावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने भरावे, आणि दिवसाची बेरीज दोन्हीकडे जुळल्यावरच त्या पानावर सही करून ते पान पेटीत परत ठेवावे.